सालीचा काठ

दसऱ्याच्या सकाळी ओसरीवर सुनेचं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं आणि सोजरबाई चुलीवरची डाळ उतरवायचं विसरल्या. पुरण लागलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातचं पुरण कधी लागलं नव्हतं, त्यामुळे त्याचा दोष त्यांनी ताबडतोब मंठ्याच्या पाहुण्यावर टाकला.

मंठ्याचा पाहुणा म्हणजे सून द्रौपदा हिचा थोरला भाऊ काकासाहेब. तिच्या नवऱ्याचं, पुंजारामचं, वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता. आता बहिणीला माहेरी न्यायचं म्हणून तो आदल्या दिवशीच जालन्यात आला होता. येताना शेताच्या बांधावरची आपट्याची पानं उपरण्यात बांधून आणली होती, ती त्यानं कोनाड्यात ठेवली आणि दसऱ्याला चार वाजताच्या बसनं निघायचं असं जाहीर करून टाकलं. त्यावर घरातलं कुणी नको म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. सगळे मान खाली घालून खांडेनवमीची पूजा करत राहिले, जणू हत्यारांना हळदकुंकू लावणं हे फार डोक्याचं काम होतं.

सोजरबाईंना सून हवी होती. किती हवी होती हे त्यांना त्या गाठोड्याकडे बघताना कळलं. पण अठ्ठाविशीच्या बाईला, पदरात लेकरू नसताना, रहा म्हणून कसं म्हणायचं? म्हातारी स्वतःच्या म्हातारपणाची सोय बघते, असंच तिला वाटायचं. म्हणून त्या गप्प बसल्या होत्या आणि सगळा राग पुरणावर काढत होत्या.

"द्रौपदे," बाहेरून सासऱ्यांचा, कचरूआबांचा आवाज आला. "ह्या घरातलं काही पाहिजे का तुला? पुंजारामचं म्हणून?"

आबा लाकूड कातायच्या खरादीजवळ बसले होते. डोळ्यांवर साय आली होती, पण खरादीचं हे जुनं धूड, त्याची फिरती लाट, लोखंडी आर, हत्यारं टेकवायचा ठोकळा, हे सगळं त्यांना न बघता दिसायचं. या खरादीवर आबांच्या आज्यापासून सगळ्यांनी बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी आणि भवरे कातले होते. जालन्यात कुठल्याही घरात पाळणा हलला तर त्याचा एखादा तरी खांब इथून गेलेला असायचा.

द्रौपदा डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. "आबा, मला ती गाठ द्या. दुसरं काहीच नको."

खरादीमागं, गोणपाटाखाली, पुंजारामच्या वयाची एक गाठ पडून होती. आबांचा धाकटा भाऊ तरुणपणी रंगूनला लाकडाच्या कारखान्यात गेला होता. पुतण्या झाल्याचं कळल्यावर त्यानं गावाकडं परतणाऱ्या एका माणसाबरोबर ती पाठवली होती. ब्रह्मदेशातल्या पडाउकच्या झाडाच्या अंगावर वाढलेली गाठ, अर्ध्या कलिंगडासारखी. एका बाजूनं सपाट कापलेली, दुसऱ्या बाजूला खडबडीत सालीचा फुगवटा. आणि तोंडी निरोप होता: पोराला वाडगा करा, पण काठ कातू नका, झाडानं दिलाय तसाच ठेवा. भाऊ पुढं लढाईच्या धामधुमीत कुठं गेला ते कळलं नाही. लाकूड लोखंडासारखं टणक, निरोप वेड्यासारखा, म्हणून गाठीला हात लावायला कुणी धजलं नव्हतं. पुंजाराम मात्र दर दसऱ्याला म्हणायचा, पुढच्या वर्षी.

"एवढंच व्हय?" काकासाहेब मोकळा हसला. तो धिप्पाड माणूस, कुस्त्या खेळलेला, मनानं साधा. "पोत्यात घाला, टाकतो बसच्या टपावर."

"तसं न्हाई जमत, पाव्हणं," आबा म्हणाले. "न कातलेलं लाकूड ह्या दारातून बाहेर जात न्हाई."

ही या घराची रीत होती आणि ती गल्लीत चेष्टेचा विषय होती. शेजारीण चुलीसाठी ढलपी मागायला आली तर आबा तिला थांबवून घेत आणि ढलप्यांचे भवरे कातून देत. बाई बिचारी भवरे जाळायची. पण रीत म्हणजे रीत. लाकूड दारात आलं ते आपल्या हाताखालून गेल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असं आबांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि आबांनी ते कधी मोडलं नव्हतं.

"मंग कातून द्या," द्रौपदा म्हणाली.

"आज?" पुंजारामचा धाकटा भाऊ धर्मराज हातातली पटाशी घेऊन उठलाच. "वैनी, पडाउकची गाठ हाय ती! तिच्यात रेघ एकीकडं जात न्हाई. धार लावू लावू जीव जाईल माझा."

"आज दसरा हाय. खरादीचा मुहूर्त करायचाच हाय," आबा म्हणाले. "धर्मा, काढ ती गाठ."

*

पहिलं भांडण सालीवरून झालं.

धर्मराजनं गाठ ओसरीवर आणली, झटकली आणि सवयीनं वाकस उचलला. खरादी लाकडाला हात लावतो तो आधी साल काढायला. त्यानं पहिला घाव उगारला आणि द्रौपदानं गाठीवर आडवा हात ठेवला.

"भाऊजी, साल ठेवायची."

"वाडग्याला साल?"

"ह्यांनी सांगितलं व्हतं. वाडगा आतून-बाहेरून कातायचा, पण वरचा काठ सालीचाच राहू द्यायचा. उंच तिथं उंच, खाली तिथं खाली."

"आबा, ऐकून राह्यलात का?" धर्मराज वळला. "साल ठेवली तर लोक म्हणतील कचरू खरादीच्या घरात काम अर्धवट सोडतात. तोंड दाखवायला जागा राह्यची न्हाई."

आबांनाही तसंच वाटत होतं. साल ठेवणारा खरादी म्हणजे तोंड न धुता पंक्तीत बसणारा माणूस, असं ते स्वतः आयुष्यभर म्हणत आले होते. पण त्यांनी गाठ जवळ ओढली आणि सालीवरून बोटं फिरवली. खड्डे, उंचवटे, मध्येच बारीक काट्यांसारखे फुटवे. नखानं उचकून पाहिलं तर साल लाकडाला धरून होती, कुठंही सुटलेली नव्हती. म्हणजे झाड थंडीत तोडलेलं. भावानं ते बघून घेतलं असणार. एवढ्या लांब जाऊनही त्यानं लाकूड बघून घेतलं, या विचारानं आबांनी सालीवर तळहात टेकवला.

"साल न्हाई सुटायची ही," ते म्हणाले. "ठेवायची तर ठेवा. माल आपल्या घरातच दिसणार हाय. पोरीचा हाय."

"आपल्या घरात कुठं," काकासाहेब म्हणाला. "आमच्या घरात."

सोजरबाईंनी आतून पातेलं आपटलं.

*

लाख तापवून, चार खिळे ठोकून गाठ लाटेला पक्की केली. लाटेभोवती दोरीचे वेढे घातले. आता दोरी ओढायला माणूस हवा. ओढणारा समोर बसतो, दोरीची दोन टोकं त्याच्या दोन हातांत. उजवं ओढलं की लाकूड हत्याराकडं फिरतं, डावं ओढलं की परत. कातणाऱ्यानं येताना कापायचं, जाताना हत्यार अलगद सोडायचं. खरादीच्या घरात हे ओढण्याचं काम बायकांचं. आधी सोजरबाईंनी केलं, मग द्रौपदानं. पुंजाराम गेल्यावरही, धर्मराजच्या बायकोला दिवस गेले आणि ती माहेरी गेली होती म्हणून, द्रौपदाच ओढत होती.

ती सवयीनं समोर बसायला गेली, तसा काकासाहेब पुढं झाला.

"बस झालं आता. लई ओढली माझ्या बहिणीनं दोरी. मी ओढतो."

धर्मराजला ते लागलं. गल्लीत लोक काय बोलतात हे त्याच्या कानावर होतं: भाऊ गेला आणि हा विधवा वहिनीला जुंपतो. म्हणूनच तर तो औरंगाबादला जाऊन विजेची मोटार ठरवून आला होता. दिवाळीनंतर ती आली की कुणाला दोरी ओढायला नको. हे त्यानं घरात सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं. धर्मराजला हत्याराची धार जेवढी जमायची तेवढं बोलणं जमत नसे.

"ओढा मंग," तो म्हणाला. "पण बराबर, एका लयीत."

काकासाहेबानं ओढली. गाठ गरकन फिरली आणि धर्मराजनं गोल पटाशी लावली. सपाट बाजूला, बुडाशी, काम सुरळीत चाललं. तांबूस भुसा उडायला लागला आणि ओसरीभर एक गोडसर, अनोळखी वास पसरला. सोजरबाईसुद्धा पुरण सोडून उंबऱ्याशी आल्या. भुश्याखालून लाकूड दिसायला लागलं होतं: केशरी, लाल, मध्ये काळसर, आणि त्यात मोराच्या पिसाऱ्यावर असावेत तसे असंख्य डोळे. एवढी वर्षं गोणपाटाखाली हे पडून होतं!

"आई गं," त्या म्हणाल्या.

मग धर्मराज काठाकडं आला. तिथं गाठ सारखी नव्हती. अर्ध्या फेऱ्यात लाकूड, अर्ध्या फेऱ्यात नुसता वारा. काकासाहेब चेवात होता. दोरी विहिरीतून मोट ओढावी तशी त्यानं खेचली. पोकळीनंतर उंचवटा एकदम आला, पटाशी अडकली, खाडकन आवाज झाला आणि सालीचा अंगठ्याएवढा तुकडा उडून काकासाहेबाच्या फेट्यात जाऊन बसला.

सोजरबाईंना हसू फुटलं, पण धर्मराजचा चेहरा बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अजून एक असा झटका," धर्मराज म्हणाला, "आणि गाठ फुटती. मी न्हाई करत."

"मी काय केलं? तू म्हणला ओढा, मी ओढली!"

"असं ओढतात व्हय? बैल हाकून राह्यलात का?"

"धर्मा!" आबा ओरडले. पण पाहुणाही तापला होता. रंगूनच्या लाकडावरून दसऱ्याच्या दिवशी दोन घरांत वाकडं येणार असं दिसायला लागलं.

द्रौपदा उठली. उडालेला तुकडा तिनं भावाच्या फेट्यातून काढला आणि कनवटीला लावला.

"दादा, सर."

"अगं पण..."

"सर म्हणलं ना. ह्यांचा वाडगा हाय."

सोजरबाई मध्ये पडल्या. नवरा जाऊन वर्ष झालेल्या विधवेनं दसऱ्याला मुहूर्ताची दोरी ओढायची, यावर गल्ली काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अंगणाचं दार लोटलं नाही. उलट सताड उघडलं.

"ओढ गं," त्या म्हणाल्या. "बघू दे सगळ्यांना."

*

द्रौपदा दोरीशी बसली, पाय ठोकळ्याला टेकवले आणि पाठ सरळ केली. हातानं नको, पाठीनं ओढ, हे सासूनं शिकवलेलं पहिलं वाक्य होतं. पहिल्या वर्षी तळहात सोलले होते. दुसऱ्या वर्षी तिला कळलं की दोरीतून लाकूड लागतं: कुठं मऊ, कुठं गाठ, कुठं हत्यार बोथट झालं. समोर बसलेल्या नवऱ्याला ती बोलून सांगायची नाही. दोरी जराशी सैल सोडायची, आणि तो थांबून धार लावायचा. लोक म्हणायचे, पुंजारामच्या हाताला डोळे आहेत. पुंजाराम हसून तिच्याकडं बघायचा.

तिनं डोळे मिटले आणि ओढली. एकदा, दोनदा, नुसतं रिकामं. गाठीचा जड भाग कुठं आहे ते तिनं अंगात भरून घेतलं. मग मान हलवली.

धर्मराजनं हत्यार लावलं.

आणि लाकूड कापलं गेलं. पोकळी आली तेव्हा वेग हलका झाला, उंचवटा आला तेव्हा दोरीनं तो हळूच हत्यारावर आणून ठेवला, जसं झोपलेलं लेकरू एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं. खर्र, मग वारा, मग खर्र. धर्मराजला जाणवलं की त्याला काही करावंच लागत नाहीये. हत्यार धरून ठेवायचं, बाकी सगळं समोरून येत होतं. या वर्षभरात आपला हात सुधारला असं तो समजत होता. बाजारात लोक म्हणाले होते, थोरल्याचं कसब धाकट्याच्या हातात उतरलं. त्यानं तेही खरं मानलं होतं. आता त्याला घाम फुटला, आणि तो कामाचा नव्हता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही रोज असंच ओढता?"

"मंग कसं ओढायचं असतं?" ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

बाहेरचा आकार उतरला. लाख सोडवून वाडगा उलटा केला, बूड लाटेला चिकटवलं आणि आतून पोखरायला घेतलं. दुपार कलली. धार जायची, धर्मराज लावायचा, पुन्हा बसायचा. गल्लीतली दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली, बोलायला आली होती ती बघत राहिली. काकासाहेब तर उकिडवा बसून बहिणीचे हात बघत होता. लहानपणी हिला पाण्याची घागर उचलत नव्हती. हिला सासरी काबाडकष्ट पडतात एवढंच त्यानं ऐकलं होतं. ही गोष्ट अशी देखणी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला बहिणीचा असा अभिमान वाटला की डोळे पुसायला त्यानं फेटा सारखा करायचं निमित्त केलं.

"थांबा," आबा म्हणाले. त्यांनी आत बोटं घातली, बाहेरून अंगठा लावला आणि भिंत चाचपत फेरी पूर्ण केली. "सगळीकडं एकच जाडी. धर्मा, मला कधी जमलं नसतं हे. तुझ्या आज्यालाबी नसतं जमलं."

कौतुक करणं आबांच्या स्वभावात नव्हतं. धर्मराजनं बोटानं समोर दाखवलं, मग आबांना दिसत नाही हे आठवून म्हणाला, "मी न्हाई आबा. वैनी."

"ते मला दोरीच्या आवाजावरून कळलं. तुला आज कळलं का?"

*

जवसाचं तेल चोळल्यावर वाडगा पेटल्यासारखा दिसायला लागला. आतले डोळे एकेक करून उघडले. वर काठ तसाच, काळा, खडबडीत, एकीकडं चढलेला, दुसरीकडं उतरलेला, आणि एका जागी अंगठ्याएवढी खाच. द्रौपदानं कनवटीचा तुकडा काढून खाचेला लावून पाहिला. बरोबर बसला. धर्मराजनं लाखेनं तो चिकटवून दिला.

काकासाहेबानं वाडगा दोन्ही हातांत घेतला. "झ्याक झाला. बिलकुल झ्याक. आता ही साल काढून काठ तेवढा सारखा करा, म्हणजे निघतो आम्ही. बसची वेळ झाली."

"काठ असाच राह्यचा हाय, दादा."

"असाच? मंग अर्धवटच दिसतो की गं."

"आणा इकडं," आबा म्हणाले. त्यांनी वाडगा मांडीवर घेतला. बोटं बाहेरून वर चढली, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि काठाशी येऊन सालीवर अडली. तिथंच ती थांबली. बराच वेळ आबा काठावरून हात फिरवत बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हा काठ कातलेला न्हाई."

"तेच तर मी म्हणून राह्यलो."

"आणि न कातलेलं लाकूड ह्या दारातून बाहेर जात न्हाई."

काकासाहेबाला समजायला जरा वेळ लागला. सोजरबाईंना नाही लागला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "हे तुमच्या डोक्यात सकाळपासून व्हतं का?"

"न्हाई गं. आत्ता बोटाला लागलं तवा सुचलं."

"मामा, ही पळवाट झाली," काकासाहेब म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. "काठ कापला की झालं. धर्मराज, काप."

धर्मराजनं पटाशी उचलली. अंगठ्यानं धार पाहिली. मग वहिनीसमोर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दमात एवढं बोलला.

"वैनी, कापायला मला घटकाभर लागंल. तुम्ही म्हणाल तर कापतो, वाडगा घेऊन जा, कुणी अडवणार न्हाई. पण एक सांगतो. मोटार मी तुम्ही नको म्हणून न्हाई ठरवली. लोक बोलत व्हते तुमच्यावरून, म्हणून ठरवली. ती येऊ द्या, बाजेचे पाय तिच्यावर व्हतील. हे असलं काम तिच्यानं व्हायचं न्हाई, आणि एकट्या माझ्यानंबी न्हाई. सांगा, कापू?"

"मला वाटलं," द्रौपदा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "मोटार आली म्हंजी माझी जागा गेली. कुणी रहाबी म्हणलं न्हाई."

"अगं मी कसं म्हणू?" सोजरबाई एकदम रडायलाच लागल्या. "मला वाटलं तू म्हणशील, म्हातारीला पाणी द्यायला बाई पाहिजे! रहा गं बाई. पाहिजेस मला. पाणी नको देऊस, पण रहा."

द्रौपदानं सासूचा हात धरला. आबांच्या मांडीवरचा वाडगा उचलला आणि धर्मराजच्या हातातली पटाशी काढून हत्यारांच्या पाटावर जागच्या जागी ठेवली.

"न्हाई कापायचा," ती म्हणाली. "दादा, मी येत न्हाई. राग धरू नको. दिवाळीला ये म्हणशील तर भाऊबीजेला येईन आन् परत येईन."

काकासाहेबानं ओसरीवरचं गाठोडं उचललं. पण तो दाराकडं गेला नाही, आत गेला आणि गाठोडं बहिणीच्या फळीवर ठेवून आला. येताना कोनाड्यातली आपट्याची पानं काढून आणली.

"पाव्हणं, अजून शिलंगण व्हायचंय," सोजरबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधीच सोनं वाटता व्हय?"

"चारची बस थांबत न्हाई, मामी. आणि लागलेलं पुरण खाल्ल्याशिवाय तुम्ही सोडणार न्हाई."

त्यानं पानं वाडग्यात ठेवली. तांबड्या लाकडात ती हिरवी पानं, वर पडाउकची काळी साल. मग त्यानं वाकून बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. मंठ्याहून निघताना, हिला घेऊनच येईन असा आईला दिलेला शब्द त्याला आठवत होता आणि तो आता मोडत होता.

"सोनं घे, द्रौपदे," तो म्हणाला. "इथंच, सोन्यासारखी रहा."